लॉटच्या काठाने वर, ओब्राकच्या माळावर

शनिवार : काऑर ते काब्रेरे

मिशलँच्या नकाशावर फ्रान्सचे रस्ते रंगांवरून ओळखायचे. लाल म्हणजे मोठी वाहतूक, पिवळे म्हणजे जोडरस्ते आणि पांढरे म्हणजे गावागावांतून वळत जाणारे, बहुतेक वेळ रिकामे. कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा सुंदर. रस्त्यावर बाणाची टोकं असतील तर चढ, आणि टोकं जितकी जास्त तितका तो उभा. माझी धाकटी बहीण तुलूझला नोकरी करते. तिने हिवाळ्यातच लॉट नदीच्या खोऱ्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून मला फोन केला होता, "ताई, इथे पांढऱ्या आणि हिरव्याशिवाय काही नाहीच गं." जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं. काऑरपासून नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर जात राहायचं, थेट ओब्राकच्या पठारापर्यंत.

तुलूझहून काऑरला गाडीने दीडेक तास लागतो. डब्यात सायकली टांगायला हुक असतात. शनिवारी सकाळी कॅथेड्रलपुढच्या चौकात आठवडी बाजार भरतो, म्हणून आधी तिकडे गेलो. अक्रोडाचं तेल, स्ट्रॉबेरी, शेळीच्या दुधाच्या चीजच्या तळहाताएवढ्या चकत्या. मी मांसमच्छी खात नाही, आणि हा सगळा बदक-हंसांचा मुलूख. त्यामुळे पुढचे सगळे दिवस हे चीज, पाव आणि टोमॅटो यांवर माझी भिस्त राहणार होती. त्यात काहीच कमी पडलं नाही.

लॉट नदी काऑरला तिन्ही बाजूंनी वेढा घालते. पश्चिमेकडचा व्हालाँत्रे पूल १३०८मध्ये बांधायला घेतला आणि पुरा व्हायला काही दशकं लागली. सहा मोठ्या कमानी, वर तीन मनोरे. काम रखडलं म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला, अशी दंतकथा आहे. शेवटचं काम म्हणून त्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं. फसवला गेलेला सैतान मग रोज रात्री मधल्या मनोऱ्याचा एक दगड उखडून टाकायचा. १८७९मध्ये पुलाची डागडुजी करताना वास्तुविशारद पॉल गू यांनी त्याच कोपऱ्यात दगडाला झोंबणारा छोटा सैतान कोरून घेतला. खालून नीट बघितलं तर तो दिसतो.

व्हेर गावापर्यंत रस्त्यावर थोडी वर्दळ होती. तिथून पुढे एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला चुनखडीचा उभा कडा आणि मध्ये आम्ही. बुझिएसपाशी कड्याच्या पोटात जुन्या काळी नावा ओढण्यासाठी कोरलेली पायवाट आहे. वारा नसला की माणसं किंवा घोडी दोरखंडाने नाव ओढत न्यायची. काऑरची काळसर वाइन याच नदीने बोर्दोच्या बंदराकडे जायची. ती वाट पायी जाणाऱ्यांसाठी आहे. सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि तेवढं चालून आलो.

सँ-सिर-लापोपी हे गाव नदीच्या डोक्यावर कड्याला धरून बसलेलं आहे. कवी आंद्रे ब्रतों १९५०मध्ये इथे पहिल्यांदा आला आणि पुढे त्याने इथे घरच घेतलं. एके काळी इथले सुतार वाइनच्या पिंपांना लागणाऱ्या लाकडी तोट्या कातायचे. आता गाव पर्यटकांनी भरलेलं असतं. मला गावापेक्षा गावातून खाली दिसणारी नदी जास्त आवडली, आणि दुपार कलल्यावर आम्ही उतरून सेले नदीच्या फाट्याला लागलो. मुक्काम काब्रेरेला.

रविवार : काब्रेरे ते फिझाक

काब्रेरेच्या वरच्या डोंगरात पेश मेर्लची गुहा आहे. १९२२मध्ये आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र या दोन पोरांनी ती शोधून काढली. गावचा पाद्री अमेदे लेमोझी हा आदिमानवाचा अभ्यासक होता, आणि मुलांना गुहांचा नाद त्यानेच लावला होता. लास्कोच्या प्रसिद्ध चित्रगुहेची आता प्रतिकृती दाखवतात. इथे मात्र खऱ्या चित्रांसमोर उभं राहता येतं. दिवसाला ठरावीक माणसंच आत सोडतात, म्हणून आधीच नोंदणी करावी लागते. अंगभर ठिपके असलेले दोन घोडे पाठीला पाठ लावून उभे आहेत, वय सुमारे २९,००० वर्षं. उजवीकडच्या घोड्याचं डोकं जिथे काढलंय तिथे दगडालाच मुळात घोड्याच्या तोंडाचा आकार आहे. चितारणाऱ्याला तो आधी दिसला असणार आणि मग घोडा सुचला असणार. घोड्यांभोवती हाताचे ठसे आहेत, पंजा भिंतीला लावून भोवती रंग फुंकून काढलेले. एका कोपऱ्यात ओल्या मातीत उमटलेली आणि तशीच गोठलेली एका किशोरवयीन मुलाची पावलंही आहेत. त्या पावलांपाशी बहीण बराच वेळ उभी राहिली. वाटाड्याही तिच्यासाठी थांबला.

बाहेर येऊन डी ४१ या जिल्हा रस्त्याला लागलो. सायकलवाल्यांनी जन्मात एकदा तरी या रस्त्याने जावं असं मी सांगेन. सेलेच्या काठाकाठाने हा रस्ता फिझाकपर्यंत पन्नासेक किलोमीटर जातो. चढउतार आहेत, पण कुठेही दमछाक नाही. काही ठिकाणी कडा इतका पुढे झुकलाय की रस्ता दगडाच्या छपराखालून जातो. सोलियाकला कड्याच्या कपारीत भिंती घालून केलेली घरं आहेत. मार्सियाकला बेनेडिक्टाइन मठाच्या छप्पर उडालेल्या कमानी उभ्या आहेत, आणि त्यांच्या मधोमध गवतात कोणीतरी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. एस्पान्याकचा घंटाघराचा मनोरा लाकडी चौकटीचा, अगदी छोटा, आणि मठाच्या दाराखालूनच गावात शिरायचं.

दोन गोष्टी इथे फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधायची. फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच. त्यावर पिण्यायोग्य नसल्याची पाटी नसेल तर बाटल्या भरून घ्यायच्या. आणि दुकान असो की बाग, आत शिरताना आधी "बाँझूर" म्हणायचं, मग बाकीचं. त्या एका शब्दाने दार उघडतं आणि तो न म्हटल्यास माणसं गप्प होतात, हे मी बहिणीबरोबर फिरताना पुनःपुन्हा पाहिलं.

ब्रेंगच्या पुढे एका सावलीत बसून पाव खात होतो. अर्ध्या तासात एक ट्रॅक्टर आणि दोन सायकली गेल्या. रस्ता मात्र गुळगुळीत, कुठे खड्डा नाही. फ्रान्समध्ये या जिल्हा रस्त्यांचं जाळं सुमारे पावणेचार लाख किलोमीटरचं आहे आणि त्यांची देखभाल जिल्ह्यांकडे असते. गाव कितीही लहान असो, तिथवर डांबर पोचतंच. पण इतके रस्ते असून इतकी कमी माणसं का?

याचं उत्तर वाटेत जागोजागी मिळतं. कड्यांच्या वरच्या माळावर मैलोगणती रचलेल्या दगडी बांधांमध्ये आज ओकची खुरटी झाडं आणि जुनिपर माजलेत. हे बांध कोणीतरी एकेक दगड वेचून घातले होते. १८७०नंतर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने काऑरच्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. मालवाहतूक रेल्वेकडे गेली आणि नदीवरच्या नावा बसल्या. माणसं शहरांकडे निघाली. १८५१च्या सुमारास लॉट जिल्ह्याची वस्ती तीन लाखांच्या जवळ होती, आज ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. शिवाय प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा स्तंभ आहे. दहा-बारा घरांच्या वाडीतल्या स्तंभावरही नावांची रांग वाचत बसावं लागतं, आणि एकाच आडनावाचे तीन-तीन भाऊ सापडतात. आम्ही ज्या शांततेसाठी इतक्या लांबून आलो होतो, तिची किंमत या लोकांनी मोजली आहे. हे कळल्यावर मी प्रत्येक स्तंभापाशी सायकल थांबवून नावं वाचायला लागले. बहिणीने एकदाही घाई केली नाही.

संध्याकाळी फिझाक. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं १८२२मध्ये सोडवणारा झाँ-फ्राँस्वा शाँपोलियों १७९०मध्ये इथे जन्मला. त्याच्या जन्मघरातच जगातल्या लिप्यांचं संग्रहालय आहे आणि मागच्या चौकात, त्याला हे कोडं सोडवायला कामी आलेल्या रोझेटा शिळेची प्रचंड प्रतिकृती जमिनीवर अंथरलेली आहे. काळ्या ग्रॅनाइटची ही रचना अमेरिकन कलाकार जोसेफ कोसुथची, १९९१ची. तिच्यावरून चालता येतं. मुलं अक्षरांवरून उड्या मारत होती.

सोमवार : फिझाक ते कोंक

सोमवारी खेड्यांतल्या बऱ्याच बेकऱ्या बंद असतात. पाव फिझाकमध्येच घेऊन पिशवीत ठेवला. दुपारी बारा ते दोन बाकी सगळंही बंद असतं, त्यामुळे जेवणाची वेळ पाळावी नाहीतर जवळ ठेवावं.

कापदेनाकचा चढ ओलांडून पुन्हा लॉटला मिळालो. इथलं खोरं वेगळं आहे. चुनखडी संपली, कडे गेले, उतारांवर चेस्टनटची रानं आली. नदीपलीकडे डोंगराआड देकाझव्हिल आहे, कोळशाचं गाव. तिथली शेवटची उघडी खाण २००१मध्ये बंद झाली. सँ-पार्तेमनंतर नदीकाठचा रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली तर दोघांनाही थबकावं लागतं. आम्हाला त्या तासाभरात एकच गाडी भेटली. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा इथे कायदा आहे. तिने त्याहून जास्तच सोडलं, आणि हातही केला.

ग्राँ-व्हाब्रला लॉट सोडून दुर्दूच्या घळीत शिरलं की थोड्या वेळाने डोंगराच्या कुशीत पाटीच्या दगडाची करडी छपरं दिसतात. हे कोंक. संत फॉयच्या अस्थी नवव्या शतकात आजँहून इथे आणल्या गेल्या. इथल्या एका साधूने त्या सरळ चोरून आणल्या, असं मठाचाच इतिहास सांगतो. त्यानंतर स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला पायी निघालेल्यांची इथे रीघ लागली आणि मठ श्रीमंत झाला. दारावरच्या अर्धवर्तुळाकार शिल्पात शेवटच्या न्यायाचा प्रसंग आहे, १२४ मूर्ती, बाराव्या शतकातल्या, काहींवर अजून निळा-तांबडा रंग टिकून आहे. डावीकडे स्वर्ग, शिस्तीत आणि जरासा स्थिर. उजवीकडच्या नरकात शिल्पकाराने जीव ओतलाय.

आतल्या खिडक्या पिएर सुलाझ यांच्या. ते जवळच्या रोदेझचे. शाळकरी वयात इथे आले आणि चित्रकार व्हायचं त्यांनी इथेच ठरवलं. १९९४मध्ये १०४ खिडक्यांचं काम पुरं झालं. त्यांनी काचेत एकही रंग घातला नाही. प्रकाश आरपार येईल पण बाहेरचं दिसणार नाही अशी काच त्यांनी मुद्दाम घडवून घेतली. सकाळी ती निळसर वाटते, संध्याकाळी नारिंगी. काही जणांना या साध्या काचा जुन्या वास्तूत खटकल्या होत्या. मी तासभर बसले आणि मला तरी दुसरी कोणतीही काच तिथे कल्पिता येत नाही.

रात्री प्रार्थनेनंतर मठातल्या एका बंधूंनी दारापाशी उभं राहून शिल्प समजावून सांगितलं, मग आत ऑर्गन वाजला. आजूबाजूला बहुतेक सगळे पायी यात्रेकरू होते, पायांना पट्ट्या बांधलेले.

मंगळवार : कोंक ते एस्पालियों

आज अंतर पन्नास-साठ किलोमीटर, पण रस्ता नदीकाठचा. सकाळी धुकं होतं. आँत्रेगला त्र्युयेर नदी लॉटला मिळते. पुढे घळ अरुंद होते आणि मग वळणावर अचानक एस्तँ येतं, गावाच्या डोक्यावर किल्ला, पायाशी गॉथिक पूल. माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी २००५मध्ये भाऊ आणि चुलतभावाबरोबर हा किल्ला विकत घेतला होता. भोवतालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत फ्रान्समधल्या अगदी लहान नामांकित द्राक्षमळ्यांपैकी एक आहे.

एस्पालियोंच्या तांबड्या दगडाच्या जुन्या पुलाखाली नदीला चिकटून चांभारांची घरं आहेत, कातडी धुण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांसकट. या गावात पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या साधनांचं संग्रहालय आहे. समुद्रापासून इतक्या लांब हे कशाला, असं वाटलं होतं. पण कारण पक्कं आहे. बनुआ रुकेरोल हा इथला खाण अभियंता. खाणीत विषारी वायू भरला तर आत उतरणाऱ्यांना श्वास घेता यावा म्हणून त्याने हवेचा दाब आपोआप जुळवणारं यंत्र केलं. नौदल अधिकारी ओग्युस्त दनेरूझच्या साथीने १८६४मध्ये तेच पाण्याखाली नेलं. आज बुडी मारणाऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या यंत्राचं मूळ असं कोळशाच्या खाणीत आहे.

बुधवार : एस्पालियों ते ओब्राक

सगळ्या प्रवासाचा खरा चढ आजचा. डी ९८७ने तीसेक किलोमीटरमध्ये हजारेक मीटर वर जायचं. सँ-कोमच्या चर्चचं पीळ दिलेलं शिखर मागे पडलं की रस्ता नदीला कायमचा सोडतो. आधी चेस्टनट, मग बीचची उंच रानं. चढ फार उभा नाही, पण संपत नाही. सँत-एतिएनच्या पॉल द व्हिव्हीने, ज्याला सायकलवाले व्हेलोसिओ म्हणून ओळखतात, गिअरच्या सायकलीचा हिरिरीने प्रचार केला. भूक लागण्याआधी खावं आणि तहान लागण्याआधी प्यावं, हा त्याचाच नियम. आज तो आम्ही अक्षरशः पाळला, प्रत्येक चार-पाच किलोमीटरला थांबून मूठभर अक्रोड.

सँ-शेलीला ज्यांच्या घरी कॉफी घेतली त्या बाई सत्तरीच्या. त्यांच्या काकांचा पॅरिसमध्ये कॅफे होता, मामांचाही, आणि नवऱ्याने तरुणपणी त्यातल्याच एकात कपबशा धुतल्या होत्या. या डोंगरातली माणसं एकोणिसाव्या शतकात पॅरिसला पाणी वाहायला गेली, मग कोळसा विकायला लागली, कोळशाच्या दुकानात एका बाजूला वाइनचे पेले ठेवू लागली आणि त्यातून पॅरिसचे कॅफे उभे राहिले. तिथलं लिप ब्रासरी हे प्रसिद्ध उपाहारगृह नावारूपाला आणणारे मार्सलँ काझ जवळच्या लायोलचे. पॅरिसमध्ये राहणाऱ्या या लोकांचं स्वतंत्र वर्तमानपत्र १८८२मध्ये निघालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांना सुट्टीत गावी नेणाऱ्या स्वस्त खास गाड्याही सुटू लागल्या.

हे ऐकताना मी आणि बहीण एकमेकींकडे बघत राहिलो. आमचे आजोबा राजापूरकडून गिरगावात आले, एका खोलीत आठ-दहा जणांत राहिले, आणि गणपतीला घरी जाणं हा त्यांच्या वर्षाचा कणा होता. बहिणीने बाईंना कोकणातल्या चाकरमान्यांबद्दल सांगितलं, गणपतीच्या खास गाड्यांबद्दलही. त्यांनी लगेच विचारलं, "आणि गावातली घरं? ती कोण उघडतं?" चुलतकाकू उघडते, वर्षातून दोनदा, असं बहीण म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि आमच्या पिशवीत घरच्या केकचे दोन तुकडे बांधून दिले.

शेवटची झाडं संपली आणि माळ उघडला. ओब्राकचं पठार ज्वालामुखीच्या लाव्हाचं, दगड काळा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. कमरेएवढ्या काळ्या दगडी बांधांमागे गवताचे डोंगर लाटांसारखे पसरलेले आणि त्यात पांढऱ्या नर्गिसांचे ताटवे. गव्हाळ रंगाच्या, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या ओब्राक गाई चरत होत्या. रिवाजाप्रमाणे २५ मेच्या सुमारास त्या खालच्या खोऱ्यांतून वर येतात आणि १३ ऑक्टोबरच्या सुमारास खाली जातात. बांधांच्या आडोशाला काळ्या दगडाची बुटकी घरं दिसतात. त्यांत गवळी उन्हाळाभर राहून चीज करायचे. एके काळी अशी शेकडो घरं चालू होती. माणसं निघून गेली तेव्हा तीही बंद पडली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गाईंची जातही धोक्यात आली होती. १९६०मध्ये लायोलला शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून चीज पुन्हा उभं केलं. त्यामुळे गाई टिकल्या, आणि माळही.

ओब्राक गाव म्हणजे चर्च, एक चौकोनी मनोरा आणि मोजकी घरं, उंची १३०० मीटरवर. आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने ११२०च्या सुमारास यात्रेकरूंसाठी इथे धर्मशाळा घातली. बर्फात किंवा धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी तिची घंटा वाजवत ठेवायचे. जेवायला आलिगो होतं. उकडलेला बटाटा, लोणी आणि ताजं, न मुरवलेलं चीज घोटून घोटून इतकं एकजीव करतात की पळी वर उचलली की हातभर तार येते. मी दोनदा मागून घेतलं.

गुरुवार : ओब्राक ते ओमों-ओब्राक

रात्री चार-पाच अंश तापमान होतं, जून असूनही. सकाळी हातमोजे घालून निघालो. नास्बिनालपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आणि दोन्ही बाजूंना फक्त आभाळ. नास्बिनालच्या चौकात पिएर ब्रियूद यांचा पुतळा आहे आणि खाली कुबड्या कोरल्या आहेत. ते रस्ते दुरुस्त करणारे कामगार होते, पण हाडं बसवण्यात त्यांचा हात इतका सिद्ध की लांबलांबून माणसं त्यांच्याकडे यायची. १९०७मध्ये ते गेले. ज्या रस्त्यांवरून आपण चालतो त्यांच्या मजुराचा पुतळा मी आणखी कुठे पाहिलेला नाही. बहिणीने पायथ्याशी नर्गिसाची जुडी ठेवली.

तिथून ओमोंपर्यंत उतार-चढ, पाइनची रानं, लाकूडकापणीचा वास. ओमोंच्या स्टेशनवर दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी. आम्ही दक्षिणेकडे बेझिएच्या गाडीत चढलो. ही सगळी वाट काऑरकडूनच करावी, उलट नको. चढ हळूहळू वाढत जातो, पाय तयार होतात, आणि खोऱ्यांच्या बेचक्यांतून इतके दिवस काढल्यावर तो माळ समोर येतो. ज्यांना हजार मीटरचा चढ नको त्यांनी एस्पालियोंला मुक्काम वाढवून एस्तँ आणि सँ-कोमच्या आसपासचे पांढरे रस्ते फिरावेत. आणि वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडून एक दिवस सेलेच्या डी ४१ला द्यावा, शक्यतो रविवारी, पिशवीत पाव आधीच घेऊन.